पायलटच्या नोकरीचा अर्ज : आधी तासांचा हिशेब जुळवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. प्रशिक्षण अमेरिकेत झाले, तिथला परवाना डीजीसीएच्या (आपली विमान वाहतूक नियामक संस्था) सीपीएलमध्ये (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) बदलून घेऊन दोन वर्षे झाली, एअरबसच्या ए320 विमानाचे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान उडवण्यासाठीचे खास प्रशिक्षण) स्वखर्चाने केले, अनेक ठिकाणी अर्ज धाडले आणि कुठूनही बोलावणे आले नाही. चार पानांचा सीव्ही जोडून तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: तो अधिक आकर्षक कसा करावा, मधल्या दोन वर्षांबद्दल काय लिहावे, एका कंपनीच्या सिम चेकमध्ये (सिम्युलेटरवरच्या चाचणीत) उत्तीर्ण झाला नाहीत ते सांगावे का, आणि काकांच्या ओळखीतल्या एका कॅप्टनचे नाव संदर्भ म्हणून द्यावे का.

मी बरीच वर्षे ट्रेनिंग कॅप्टन आहे आणि भरतीच्या छाननीलाही बसतो. त्या खुर्चीतून काय दिसते ते सांगतो.

आकर्षक करण्याचा विचार आधी सोडा. तुमचा अर्ज वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात. जाहिरातीतल्या अटी हा उमेदवार पुऱ्या करतो का? त्याची कागदपत्रे आज चालू आहेत का? आणि त्याने लिहिलेल्या आकड्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवू शकतो का? तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक नवखे अर्ज अडकतात. तुमचाही तिथेच अडकला असावा, असे मला वाटते.

तुमच्या सीव्हीत पहिल्या पानावर लिहिले आहे, ‘एकूण 240 हून अधिक तास’. तिसऱ्या पानावर पीआयसी (विमानाचे प्रमुख म्हणून उडवलेले तास) 150:00 आणि ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचे तास) 106:20. या दोन्हींची बेरीज 256:20 होते. सोबत जोडलेल्या लॉगबुकच्या शेवटच्या पानावर मात्र एकूण 238:40 आहे. म्हणजे एकाच उमेदवाराचे तीन वेगवेगळे एकूण तास. छाननी करणारा माणूस इथे थांबतो. तुम्ही खोटे लिहिले आहे असे तो लगेच म्हणणार नाही, पण कुठला आकडा खरा हे शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नाही. त्याच्यासमोर आणखी शेकडो अर्ज पडलेले असतात.

फरक कुठून आला, हे मला दिसते आहे आणि त्यात लबाडी नाही. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे प्रायव्हेट परवाना हातात आला की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही, विमान एकट्याने हाताळले असेल तर तो वेळ विद्यार्थी पीआयसी म्हणून लिहू शकतो. तोच तास ‘ड्युअल रिसीव्ड’ या रकान्यातही जातो. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरकडून शिकत असतानाचा तास ड्युअलच धरतात. तुमच्या बाबतीत 17:40 तास असे दोन्हीकडे मोजले गेले आहेत. ते पीआयसीतून काढा. मग पीआयसी 132:20, ड्युअल 106:20, एकूण 238:40. बेरीज जुळली. सेफ्टी पायलट (दुसरा सराव करत असताना शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणारा) म्हणून लिहिलेले काही तास असतील तर तेही वेगळे काढून ठेवा आणि तळटीप द्या. ते पीआयसीत मिसळलेले सापडले की पुढच्या सगळ्या आकड्यांकडे संशयाने पाहिले जाते.

तिकडून शिकून आलेल्या मुलामुलींच्या लॉगबुकात आणखी एक चूक सतत दिसते. तिथे वेळ दशांशात लिहितात, आपण तास आणि मिनिटांत. 1.3 म्हणजे 1 तास 18 मिनिटे. घाईघाईत ते 1:30 असे उतरवले जाते. शे-दीडशे नोंदींत हे झाले की एकूण आकडा कित्येक तासांनी फुगतो आणि मूळ लॉगबुकाशी ताडून पाहिले की उघडा पडतो. एक रविवार काढा आणि प्रत्येक नोंद पुन्हा बदलून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण अर्जाच्या दृष्टीने यापेक्षा मोलाचे दुसरे काम नाही.

मग तासांचा एकच तक्ता करा आणि तो सीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवा. एकूण तास मिनिटांसकट लिहा. ‘हून अधिक’, ‘सुमारे’ हे शब्द वैमानिकाच्या तासांना चालत नाहीत. त्याखाली पीआयसी आणि ड्युअल. सिंगल इंजिन आणि मल्टि-इंजिन. क्रॉस-कंट्री, रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे. मग विमानाच्या प्रकारानुसार, एका इंजिनाच्या सेसना 172 वर किती आणि दोन इंजिनांच्या सेनेकावर किती. पीआयसी अधिक ड्युअल म्हणजे एकूण, सिंगल अधिक मल्टि म्हणजेही तेच एकूण, आणि प्रकारांची बेरीज केली तरी तेच एकूण. तुमचे मल्टि-इंजिन 18:30 आहेत, म्हणजे सिंगल 220:10 यायला हवेत. वाचणाऱ्याने कुठूनही बेरीज केली तरी एकाच आकड्यावर यावा. सिम्युलेटरचे तास खाली वेगळ्या ओळीत लिहा, कुठल्या प्रकारच्या सिम्युलेटरवर ते सांगा, आणि एकूण उड्डाणतासांत मुळीच मिळवू नका. शेवटच्या उड्डाणाची तारीख आणि शेवटच्या आयआर (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) चाचणीची तारीख या तक्त्यातच असू द्या. तुम्ही ती दिलीच नाहीत. दोन वर्षांपूर्वी सीपीएल घेतलेल्या उमेदवाराबद्दल छाननी करणारा पहिल्यांदा तेच शोधतो.

हेच आकडे डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन यंत्रणेवरच्या नोंदींशी, कंपनीच्या पोर्टलवर भरलेल्या अर्जाशी आणि कागदी लॉगबुकाशी जुळले पाहिजेत. लॉगबुकात खाडाखोड असेल तर व्हाइटनर लावू नका. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही.

एवढी काटेकोरी कशाला, असे काही तरुण विचारतात. त्याला कारण आहे. 2011 साली बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणे आपल्याकडे उघडकीस आली. काहींना अटक झाली, डीजीसीएने परवान्यांची आणि पाठोपाठ फ्लाइंग क्लबांची तपासणी हाती घेतली. न उडवलेले तास लॉगबुकात लिहिण्याचा प्रकारही त्यात चर्चेला आला. तेव्हापासून भरतीच्या टेबलावर लॉगबुकाकडे पाहण्याची नजर बदलली आहे. प्रामाणिक उमेदवाराचा हिशेब विस्कळीत असेल तर त्यालाही त्या नजरेला तोंड द्यावे लागते. आणि माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे, उद्या हाच माणूस लोडशीटवरचे वजन तपासणार आहे, इंधनाचा हिशेब करणार आहे. स्वतःच्या तासांची बेरीज त्याने तपासली नसेल तर मी त्याला शेजारच्या सीटवर का बसवावे?

टाइप रेटिंगबद्दल तुम्ही फक्त ‘ए320 रेटेड’ एवढे लिहिले आहे. हे दोन शब्द पुरेसे नाहीत. रेटिंग डीजीसीएच्या परवान्यावर नोंदले गेले आहे, की सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण आणि स्किल टेस्ट झाली आहे पण प्रत्यक्ष विमानावरचे लँडिंग बाकी आहेत? दोन्हींत कंपनीच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात त्या लँडिंगचा, म्हणजे बेस ट्रेनिंगचा, खर्च कंपनीलाच करावा लागतो आणि विमानही तिलाच द्यावे लागते. तुमच्या परवान्याच्या प्रतीवर ए320 ची नोंद मला दिसली नाही, म्हणजे तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात. तसे लिहा. पुष्कळ मुले या स्थितीत आहेत, त्यात कमीपणा नाही. पण ‘रेटेड’ लिहून कागदपत्रांच्या पडताळणीला बोलावले गेलात आणि तिथे नोंद नाही असे निघाले, तर तो दिवस वाया जातो आणि तुमच्या नावापुढे एक खूण राहते.

मुदतींचा विषय झटपट संपवतो. सीपीएल, आयआर, एफआरटीओएल आणि आरटीआर हे रेडिओचे परवाने, क्लास वन मेडिकल, इंग्रजी प्रावीण्याची पातळी आणि पासपोर्ट, या सगळ्यांपुढे क्रमांक आणि कुठवर चालू आहे ती तारीख लिहा. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचे क्लास वन मेडिकल 12 महिने चालते; तुमचे पुढच्या महिन्यात संपते आहे, तर वाट पाहू नका, आताच तपासणीची तारीख घ्या. इंग्रजीची चौथी पातळी 3 वर्षांनी संपते हेही विसरले जाते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नव्हते म्हणून नंतर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) ते विषय देणारे अनेक वैमानिक आहेत. तसे असेल तर दोन्ही गुणपत्रिका लावा आणि सरळ लिहा.

नावाचा घोळ मात्र आपल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी जास्त मनावर घ्यावा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव अधिक वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात. अमेरिकेच्या परवान्यावर तिसराच क्रम, कधी वडिलांचे नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या कागदांत तर चार-चार रूपे सापडतात. अर्जावर पासपोर्टप्रमाणे नाव लिहा. कुठे फरक असेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. पडताळणीच्या दिवशी धावाधाव करून हे कागद मिळत नाहीत.

आता सीव्हीचे रूप. नवख्याला एक पान पुरते, फार तर दीड. तुमच्या चार पानांतला बराच भाग लग्नाच्या बायोडाटासारखा आहे: उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय, भावंडे, मूळ गाव. हे सगळे काढा. गॉगल लावून विमानाला टेकलेला फोटो काढा. मागितला असेल तरच साधा पासपोर्ट आकाराचा फोटो लावा. ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण, संघभावना, दबावाखाली काम करण्याची क्षमता’ ही ओळ प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे कुणी वाचत नाही. त्याऐवजी तुमच्या तिसऱ्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात एक गोष्ट आहे ती वर आणा: परत आल्यावर तुम्ही आठ महिने एका प्रशिक्षण संस्थेत नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवलेत. दोनशे-अडीचशे तासांच्या उमेदवारांमध्ये तुम्हाला वेगळे काढणारी हीच गोष्ट आहे, आणि तुम्ही ती छंदांच्या वर, कोपऱ्यात टाकली आहे!

छंदांबद्दल एवढेच, की लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. ट्रेकिंग लिहिले आहे तर हरिश्चंद्रगडाला कुठल्या वाटेने गेलात हे विचारले जाईल आणि उत्तर मोकळेपणाने देता आले पाहिजे. सेनेका लिहिले आहे तर एक इंजिन बंद पडल्यावर कमीत कमी किती वेगापर्यंत ते ताब्यात राहते, ब्लू लाइन (एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई देणारा वेग) किती, हे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. शेवटचे उड्डाण दोन वर्षांपूर्वीचे असले तरीही.

यातूनच मधल्या दोन वर्षांचा विषय निघतो. खंड पडणे हा दोष नाही. या धंद्यात खंड प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकतो. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 ला थांबली, पुढच्या वर्षी कोरोना आला, मे 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली. हजारो तासांचा अनुभव असलेली माणसे घरी बसली. भरती करणाऱ्यांना हे सगळे ठाऊक आहे. त्यांना बोचते ती रिकामी जागा: 2023 पर्यंतच्या नोंदी आणि मग एकदम आजची तारीख. तिथे काय झाले याचा अंदाज वाचणाऱ्यावर सोडला की तो वाईटच अंदाज करतो. तुम्ही तिथे महिन्यांसकट लिहा: परवाना बदलून घेण्याचे काम अमुक ते अमुक, ए320 चे प्रशिक्षण अमुक ते अमुक, ग्राउंड इन्स्ट्रक्टर अमुक ते अमुक. घरी आजारपण होते आणि तीन महिने काहीच केले नाही, तर ‘कौटुंबिक कारण’ एवढे दोन शब्द पुरतात.

पण शब्दांनी खंड भरत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. हातात पैसे असतील त्या प्रमाणात थोडे तास उडवा आणि आयआर चालू करून घ्या. बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण संस्था आहेत. घराजवळची निवडली तर राहण्याचा खर्च वाचतो. मला माहीत आहे की घरच्यांनी आधीच कर्ज काढलेले असते आणि आणखी खर्च सांगणाऱ्याचा राग येतो. तरीही, टाइप रेटिंगवर लाखो रुपये घालून आयआर संपू देणारी मुले मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटते. शेवटचे उड्डाण तीन महिन्यांपूर्वीचे आणि आयआर चालू, या एका ओळीने अर्जाचे वजन बदलते.

सिम चेकचे काय? सीव्हीत किंवा पत्रात आपण होऊन लिहायची गरज नाही. पण अनेक कंपन्यांच्या अर्जात थेट रकाना असतो: यापूर्वी कुठल्या निवडप्रक्रियेत भाग घेतला होता का, निकाल काय, कुठले प्रशिक्षण अर्धवट थांबवले गेले का. तिथे खरे लिहा. त्याच कंपनीकडे पुन्हा अर्ज करत असाल तर त्यांच्याकडे तुमची नोंद असतेच, आणि पुन्हा अर्ज करण्याआधी किती काळ थांबायचे याचे त्यांचे नियम असतात. ते पाहूनच अर्ज करा. मुलाखतीत विचारले तर तीन वाक्ये तयार ठेवा. काय चुकले: रॉ डेटा आयएलएसवर (स्वयंचलित मदतीशिवाय, फक्त उपकरणे पाहून उतरताना) स्कॅन तुटला, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवणे खंडले, लोकलायझर (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा संकेत) सोडून बाहेर गेलो आणि गो-अराउंडचा (न उतरता पुन्हा वर जाण्याचा) निर्णय उशिरा घेतला. का चुकले: सहा महिने इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग केले नव्हते. त्यानंतर काय केले: सिम्युलेटरवर इतके तास फक्त तेवढाच सराव. एवढे बोलून थांबा. सिम्युलेटर वेगळ्या प्रकारचा होता, परीक्षक घाईत होते, हे खरे असले तरी तिथे बोलू नका. ज्याला आपली चूक नेमक्या शब्दांत सांगता येते त्याच्यासोबत उडायला मला आवडते. लपवलेले नापास होणे मात्र पुढे कधीही बाहेर येते, कधी नोकरी लागल्यानंतरही, आणि तेव्हा ते नोकरी घेऊन जाते.

काकांच्या ओळखीच्या कॅप्टनचे नाव देऊ नका. त्यांनी तुमच्यासोबत एक तासही उड्डाण केलेले नाही. फोन गेला तर ते ‘मुलगा चांगल्या घरातला आहे’ एवढेच सांगू शकतील. ज्या चीफ इन्स्ट्रक्टरने तुम्हाला सोलो सोडले, किंवा ज्या संस्थेत तुम्ही शिकवलेत तिथले प्रमुख, यांची परवानगी घेऊन त्यांची नावे द्या. ओळखीतून कुणी तुमचा अर्ज अंतर्गत रेफरलने पुढे पाठवणार असेल तर हरकत नाही, पण तो अर्ज वरच्या कसोटीला उतरलेला असू द्या. रद्दड अर्ज पुढे करणाऱ्याचीही पत जाते. आणि ‘शॉर्टलिस्ट करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. पैसे देऊन यादीत नाव घालता येते यावर विश्वास ठेवलेल्या पालकांची दशा मी पाहिली आहे.

मोठ्या कंपन्यांत अर्ज पोर्टलवरूनच जातो. तिथे पत्राला फारसे महत्त्व नसते, रकान्यांना असते. जाहिरात दोनदा वाचा: ट्रेनी फर्स्ट ऑफिसर टाइप रेटेड की नॉन टाइप रेटेड, वयाची अट कुठल्या तारखेला मोजायची, आयआर मल्टि-इंजिनवर हवे का. एक रकाना चुकीचा भरला तरी यंत्रणा अर्ज बाजूला टाकू शकते आणि तुम्हाला कारण कधीच कळत नाही. कागदपत्रांच्या फायलींना ‘फायनल न्यू 2’ अशी नावे देऊ नका. आडनाव, नाव, कागदाचे नाव, एवढे पुरे. मोबाइलने वाकडे काढलेले, कडेला बोट दिसणारे लॉगबुकाचे फोटो लावू नका. दुकानात जाऊन नीट स्कॅन करून घ्या.

फक्त ए320 वाल्यांकडेच अर्ज केले आहेत, असे तुमच्या यादीवरून दिसते. गोव्यातून एटीआर 72 उडवणारी फ्लाय91, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची, एम्ब्रेयर विमाने उडवणारी स्टार एअर, यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. त्याशिवाय चार्टर कंपन्या आहेत, किंग एअर आणि तत्सम विमाने चालवणाऱ्या. तिथे अर्ज बहुधा ई-मेलने थेट ऑपरेशन्सच्या प्रमुखांकडे जातो, आणि तिथे पत्र खरोखर वाचले जाते. पत्र इंग्रजीतच लिहाल, मजकूर साधारण असा ठेवा: आपल्या अमुक पदासाठी अर्ज करत आहे. डीजीसीएचा सीपीएल आणि मल्टि-इंजिन आयआर अमुक तारखेपर्यंत चालू. एकूण 238:40, पीआयसी 132:20, मल्टि-इंजिन 18:30. शेवटचे उड्डाण अमुक तारखेला. ए320 चे सिम्युलेटर प्रशिक्षण आणि स्किल टेस्ट पूर्ण, परवान्यावर नोंद बाकी. आठ महिने नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवले आहे. आपल्या विमानावर माझा अनुभव नाही, प्रशिक्षणाला तयार आहे. कुठल्याही तळावर रुजू होऊ शकतो, कुणाशी बाँड (ठरावीक काळ नोकरीचे बंधन) नाही. खाली सही, फोन.

लहानपणापासून आकाशाकडे पाहत आलो, हे वाक्य त्यात घालू नका. ते खरे असेल, आणि वाचणाऱ्याच्याही बाबतीत खरे असते. पण त्याला त्या क्षणी तुमच्या आयआरची तारीख हवी असते.

पाठवल्यावर रोज फोन करू नका. मेडिकल नवे झाले, आयआर झाले, तास वाढले, की पोर्टलवरची माहिती त्याच दिवशी बदला आणि ई-मेलने पाठवलेल्या ठिकाणी एका ओळीत कळवा. नव्या हिशेबाचा तक्ता तयार झाला की इथेच टाका. वैयक्तिक क्रमांक झाकून टाका, मी बेरीज तपासून देईन.